अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळीपेक्षा आजारानं जास्त सैनिक मेले हे खरं का? छावणीत स्वतःची काळजी घेता येत नव्हती का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: खरं आहे. उत्तर लिहायला बसलोय ते दुसऱ्या प्रश्नासाठी, कारण तो मला गेली पस्तीस वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात ऐकवला जातो.

अमेरिकेचं आधी उरकतो. १८६१ ते १८६५. उत्तरेच्या फौजेचे साधारण ३,६०,००० गेले. त्यातले लढाईत आणि जखमांनी १,१०,०००, आजारानं सव्वादोन लाखांच्या आसपास. हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया, गोवर. गोवर ऐकून हसू नका. लांबच्या वस्त्यांवरची शेतकऱ्यांची पोरं, लहानपणी गोवर निघालाच नव्हता, ती एकदम हजारोंच्या तळावर आली. हगणदारी आणि पिण्याचं पाणी शेजारी शेजारी. हिवतापही होताच, पण तो डासानं होतो हे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत सापडलं १८९७ साली. मग त्या पोरांनी काळजी घ्यायची ती कशाची?

आम्हाला सगळं माहीत होतं. तरी पडलोच.

मी १९८६ साली अठराव्या वर्षी भरती झालो. भारताची शांतिसेना श्रीलंकेत होती जुलै १९८७ ते मार्च १९९०. माझी पलटण कोणती ते लिहीत नाही, नाहीतर व्हॉट्सॲपवर लगेच चौकशी सुरू होते. आम्ही उत्तर श्रीलंकेत, वावुनियाच्या पुढच्या जंगलपट्ट्यात होतो. तिकडच्या निम्म्या गावांच्या नावाशेवटी ‘कुलम’ येतं. कुलम म्हणजे तळं. आणि आपल्याकडे दिवाळी आटोपते तेव्हा तिकडचा खरा पाऊस सुरू होतो. त्या देशात १९६३ साली हिवतापाचे वर्षभरात १७ रोगी सापडले होते, आणि आम्ही उतरलो त्या १९८७ मध्ये सहा लाखांच्या वर. हे आकडे मला फार उशिरा कळले. तेव्हा फक्त डास कळत होते.

तळ एका बंद पडलेल्या भातगिरणीत होता. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग लंगरचा चहा, त्याला ब्लीचिंग पावडरचा वास. मग रस्ता उघडायला चालत जायचं, सुरुंग शोधत. दुपारी उन्हात बंकरची पोती भरायची. घरचं पत्र यायला पंधरा दिवस, त्यात म्हशीची खबर आधी आणि आईची नंतर. खिशात शक्करपारे. अजून आमच्या घरी दिवाळीला शंकरपाळे केले की मी डबा लांब सरकवतो.

डासांचे नियम कडक होते. सूर्य मावळला की बाह्या खाली, डास पळवणारं डीएमपी तेल, मच्छरदाणी. रविवारी क्लोरोक्विनची गोळी हवालदार मेजरसमोर गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं. हे सगळं तळावर. पण आमच्या निम्म्या रात्री तळावर जायच्याच कुठे? ॲम्बुशला, म्हणजे दबा धरून, तळ्याच्या काठी पालथं पडायचं, संध्याकाळी सातपासून उजाडेपर्यंत. तेल लावायचं नाही, वास शत्रूपर्यंत जातो. मच्छरदाणीचा प्रश्नच नाही. आणि डास बसला तरी हात उचलायचा नाही, आवाज होतो. तुम्ही कधी मानेवर आठ डास बसू दिलेत? तासभर? मग मला काळजी घ्यायला सांगा.

डिसेंबरात मला थंडी वाजून आली. पहिल्या दिवशी ओझं घेऊन चाललो. दुसऱ्या दिवशी सिक रिपोर्टला, म्हणजे आजाऱ्यांच्या यादीत, नाव दिलं तर आमचा एक हवालदार म्हणाला, नाटक बंद कर, ड्यूटीची पाळी चुकवतोस. नाव मागे घेतलं. एकोणिसाव्या वर्षी नामर्द म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलं बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी तीन कांबळी अंगावर आणि दात असे वाजायचे की शेजारचा झोपेना. चौथ्या दिवशी मी उस्तादांना ‘तात्या’ म्हणून हाक मारली आणि बैल सोडू का विचारलं म्हणे. मला आठवत नाही. हेलिकॉप्टर आलं होतं सुरुंगात जखमी झालेल्यांसाठी, त्यांच्या पायाशी मला कोंबलं. मद्रासच्या इस्पितळात रक्तात एकदम दोन जातींचा हिवताप निघाला. क्विनाइनच्या बाटल्या चढवल्या. कानात आठवडाभर पिठाची गिरणी चालू.

तिथली एक गोष्ट मी बायकोलासुद्धा उशिरा सांगितली. वॉर्डात शहरातल्या काही बायका फळं वाटायला आल्या. चांगल्या घरच्या, मनानंही चांगल्या. प्रत्येक खाटेशी थांबून विचारायच्या, कुठे लागलं? शेजारच्याचा पाय गुडघ्याखाली गेला होता, त्याच्यापाशी त्या रडल्या. माझ्यापाशी आल्या, कुठे लागलं? म्हटलं, ताप आहे. एक संत्रं उशाशी ठेवून पुढे गेल्या. शेजारच्याला चार होती. त्यानं रात्री त्यातली दोन माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, खा, तुझी गोळी आत राहिलीय. तशी ती राहिलीच. पुढच्या वर्षात दोनदा घरी सुट्टीवर असताना उसळली. त्या दोन जातींतल्या एकीचा जंतू यकृतात दडून बसतो.

अशाच एका सुट्टीत, भाचीच्या बारशाच्या पंगतीत आमचे दाजी म्हणाले, “शांतिसेनेत काय केलं? मच्छर मारले!” सगळे हसले. मीही हसलो. दाजी हायस्कूलला इतिहास शिकवायचे. पानिपतावर बोलताना उपाशी मेलेल्या घोड्यांसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. घोडा उपासानं मेला तर इतिहास, मेव्हण्याला ताप आला तर निष्काळजीपणा.

दाजी हे वाचणार आहेत, म्हणून इतिहासातलंच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत होते. तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी जवानांना बोल लावला नाही. पलटणीची अचानक तपासणी करायची, शंभरातल्या पंच्याण्णवांनी हिवतापाची गोळी खाल्लेली दिसली नाही तर कमान अधिकाऱ्याला घरी. तिघांना काढल्यावर बाकीच्यांना समजलं. आजार हा वरच्यांनी सांभाळायचा मोर्चा आहे, शिपायाच्या मर्दानगीची परीक्षा नव्हे. दाजींना दोन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला तेव्हा त्यांनी आठ दिवस नगरपालिकेला शिव्या दिल्या. मी एका शब्दानं काही म्हणालो नाही.

आता खुलासे. मी डॉक्टर नाही. तो हवालदार वाईट माणूस नव्हता, तोही पुढे महिनाभरात ताप येऊनच मद्रासला गेला, आणि परत आला. सगळ्यांना ताप आला असंही नाही, माझ्याबरोबर ॲम्बुशला असलेला एक कोल्हापूरकर अडीच वर्षं शिंकलासुद्धा नाही. आणि त्या सहा लाखांत आम्ही किती थोडे, बाकी तिथलीच माणसं, ज्यांना हेलिकॉप्टर नव्हतं. शांतिसेनेवर त्यांचे आरोप आहेत ते वेगळे, त्यावर हे उत्तर नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या फौजेचं राहिलंच. नाकेबंदीमुळे त्यांना क्विनाइन मिळणं मुश्कील झालं होतं, चोरून आणावं लागे. उत्तरेकडचे व्हिस्कीत मिसळून देत. कडू फार असतं हो ते.

आणि सध्या फौजेत असलेलं कोणी वाचत असेल तर: सिक रिपोर्टला दिलेलं नाव मागे घेऊ नका, आणि इस्पितळाच्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी पाठवा. माझे कागद एका पावसात भिजले, आणि पुढे पेन्शनच्या खिडकीवर मला विचारलं, ताप कधी आला होता, पुरावा काय.