वाचक विचारतात: ट्रेलवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलं कॉलेजला गेल्यापासून मी आणि मिस्टर रविवारी अ‍ॅपलाचियन ट्रेल थोडी थोडी चालतो. परवा एक आजोबा झाडावर पांढरा पट्टा रंगवताना दिसले, म्हणाले हे सगळं व्हॉलंटियर लोकच करतात. आम्हालाही करावंसं वाटतंय, पण यांची पाठ दुखते आणि मी आयुष्यात कधी करवत धरलेली नाही. 56व्या वर्षी जमेल का? नेमकं काय करायचं असतं?

उत्तर: ताई, नक्की जमेल. मी 11 वर्षं न्यू जर्सीतलाच एक दीड मैलाचा तुकडा सांभाळतोय आणि मला ज्या बाईंनी हे काम शिकवलं त्या तेव्हाच सत्तरीच्या पुढं होत्या.

आजोबा म्हणाले ते खरंय. बेंटन मॅकाय यांनी या ट्रेलची कल्पना 1921 साली मांडली आणि 1937 ला जॉर्जियापासून मेनपर्यंत सलग वाट तयार झाली, 14 राज्यं, साडेतीन हजार किलोमीटरच्या वर. वेगवेगळ्या भागांतले तीसेक क्लब ती वाटून घेऊन सांभाळतात. आपल्याकडं न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स आहे, 1920 ची संस्था, 1923 मध्ये बेअर माउंटनजवळ ट्रेलचा अगदी पहिला तुकडा यांच्याच लोकांनी खुला केला. ते आपल्या वाट्याच्या ट्रेलचे छोटे छोटे भाग करून एकेका माणसाला देतात, त्याला मेंटेनर म्हणतात. वर्षातून निदान दोनदा जायचं, काम करायचं आणि काय बघितलं, काय केलं, किती तास लागले ते कळवायचं. तास कळवायचा लोक कंटाळा करतात, तुम्ही करू नका.

करवतीचं टेन्शन घेऊ नका. आडवं पडलेलं मोठं झाड चेनसॉनं, म्हणजे मशीनच्या करवतीनं, कापायला सर्टिफिकेट लागतं, ते काम त्यांची माणसं करतात, आपण फक्त जागा आणि फोटो कळवायचा. आपल्या हातात लॉपर, म्हणजे लांब दांड्याची कात्री. वाट चार फूट रुंद आणि आठ फूट उंच मोकळी ठेवायची, पाठीवर सॅक घेतलेला माणूस भर पावसात चालला तरी ओली फांदी अंगाला लागता कामा नये, आणि गवत-झुडपं अंगाला घासली नाहीत की टिक, म्हणजे रक्त पिणारी बारीक गोचीड, चढायची भीतीही कमी होते. तरी घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, केसांत नीट बघायचं, टिक चावल्यानं होणारा लाइम आजार आपल्या भागात भरपूर आहे. अंगाला लागली की खाज आणणारी तीन पानांची पॉयझन आयव्ही पण पहिल्याच दिवशी ओळखायला शिका.

पण खरं काम आहे पाण्याचं. वाट चालणाऱ्यांमुळं जेवढी खराब होते त्याच्या कितीतरी पट पाण्यानं होते. म्हणून चढावर वाटेत तिरका ओंडका नाहीतर दगडांची रांग पुरलेली असते, वॉटरबार म्हणतात, वरून येणारं पाणी त्याला अडतं आणि उताराकडं बाहेर पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओकची पानं तिथं साचतात, त्यावर माती बसते, तोंड बुजतं, मग एका मोठ्या सरीत पाणी ओंडक्यावरून उडी मारून सरळ वाटेनंच धावतं, मुळं उघडी पडतात, लोक चिखल टाळायला बाजूनं जातात आणि दोन वर्षांत एका वाटेच्या तीन वाटा होतात. आपण काय करायचं तर पानं ओढायची, साचलेली माती उकरायची, तोंडापासून पुढं दोन-तीन हात चर मोकळा करायचा आणि निघालेली माती ओंडक्याच्या खालच्या अंगाला थापायची. आमच्या कोकणात आगरात आजोबा फावड्यानं पाट मोकळा करायचे, अगदी तेच काम. पहिल्यांदा तुंबलेला चर फोडला आणि पाणी गर्रकन वळून झाडीत गेलं तेव्हा मला इतक्या लांब आगराचाच वास आल्यासारखं झालं.

तुमच्या मिस्टरांच्या पाठीला वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्ट्यांचं काम झेपेल. दोन इंच बाय सहा इंच, सालीचे सैल पापुद्रे हलक्या हातानं खरवडून मग रंग, आणि एकावर एक दोन पट्टे म्हणजे पुढं वळण आहे. मात्र शिकवल्याशिवाय आणि सांगितल्याशिवाय ब्रश लावायचा नाही. आधी नाव नोंदवा, ट्रेनिंगला जा, एक-दोन वेळा क्रूबरोबर काम करा, मग स्वतःचा तुकडा मागा.

प्रश्न: मंडळाच्या ग्रुपवर ट्रेलचे फोटो टाकले की 40 जण 'आम्ही पण येणार' म्हणतात. प्रचारासाठी मोठी हाइक काढू का? (पार्सिपनी)

उत्तर: 40 जणांची नको हो. व्हर्ननजवळच्या 'स्टेअरवे टू हेवन' या ट्रेलवरच्या चढाला फॉलमध्ये शनिवार-रविवारी पार्किंगला जागा मिळत नाही, तिथं आणखी गाड्या नेऊन ट्रेलचं काही भलं होत नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी 1993 पासून नॅशनल ट्रेल्स डे असतो, त्या दिवशी दहा जणांना घेऊन क्लबच्या कामाला जा. गेल्या वेळी आमच्याबरोबर आलेल्या एका नववीतल्या मुलानं एकट्यानं एक वॉटरबार साफ केला आणि पुढच्या आठवड्यात पाऊस झाल्यावर आईच्या मागं लागून तो परत बघायला गेला. याला मी प्रचार म्हणतो.

आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आईवडील दिवसभर घरात बसून असतात ना, त्यांना याच ट्रेलवर पोचक क्रीकच्या दलदलीवरच्या लाकडी बोर्डवॉकवर न्या, सपाट आहे, रस्त्याला लागूनच आहे. व्हॉलंटियरांनी कित्येक वर्षं खपून 2002 ला तो पुरा केलाय, पूर्वी तिथं ट्रेलवाल्यांना गाडीरस्त्यानं वळसा घालावा लागायचा. फक्त केळीची सालं, संत्र्याची सालं पिशवीतून परत आणायची. 'कुजून जाईल' म्हणतात, पण लवकर कुजत नाही आणि अस्वलांना माणसांच्या खाण्याची चटक लागते.

प्रश्न: आम्ही पाच मित्र दर आषाढात पन्हाळा ते पावनखिंड चालतो. तिथं ऑइलपेंटचे बाण काढावेत असं डोक्यात आहे. (कोल्हापूर)

उत्तर: भावांनो, कळकळ समजते, पण आधी रंग नको. ती वाट लोकांच्या शेतातून, बांधावरून, वाड्यांमधून जाते आणि जंगल लागतं तिथं वनखात्याला विचारावंच लागतं. दगडावर एकदा काढलेला बाण चुकला तरी वर्षानुवर्षं तसाच राहतो. तुम्ही असं करा, यंदा पावसात चालताना पाणी कुठं वाटेवर येतं, कुठला बांध लोकांच्या पायांनी फुटलाय, एवढंच वहीत लिहून आणा, आणि दिवाळीनंतर एका वाडीत जाऊन तिथल्या माणसांना विचारा की यातलं आधी काय दुरुस्त करू. फावडं तेच देतील.