आधी आपलं पान लिही

भावा, पुस्तकावर मत मांडताना नुसतं 'लई भारी' म्हणून थांबू नकोस. काय भारी, ते एका प्रसंगावर बोट ठेवून सांग.

'ययाती' कॉलेजात वाचली तेव्हा मी पूर्ण ययातीच्या बाजूनं होतो. पुढं आपल्या कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून पुन्हा आणली आणि वहीत टिपत गेलो, आत्ता कोण बोलतंय? ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही आपली बाजू स्वतःच मांडतात. देवयानी बोलते तेव्हा तिचा राग पटतो, शर्मिष्ठेच्या तोंडून ऐकला की तोच बोचतो. खांडेकरांच्या या १९५९ च्या कादंबरीची ताकद मला तिथं कळली. कथा तर आधीपासूनच पाठ होती.

सिनेमाचा आवडता प्रसंग एकदा आवाज बंद करून बघ. आपल्या बाबूराव पेंटरांच्या मूकपटांना बोलक्या संवादांचा आधार नव्हता. चेहरा, उजेड, चौकट यांवरच सगळी मदार.

परीक्षणं जरूर वाच, पण वहीत आपल्या मताचं पान लिहून झाल्यावर. मत बदललं तर जुनं खोडू नकोस, खाली तारीख टाकून नवं लिही.