वजीर देऊन डाव जिंकता येतो का?

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. आम्ही नौपाड्यात राहतो, शाळेतून आला की बिल्डिंगखाली पट मांडून बसतो. हल्ली पांढरे घेतले की दुसऱ्याच चालीला राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं फुकट देतो, मग हत्ती पण देऊन बसतो आणि हरतो. ओरडलो तर म्हणतो, अँडरसनने दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली होती. खरं आहे का हे? आणि खेळू द्यावं का असं?
– एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, नातू खरं बोलतोय, उलट एक उंट सांगायचा राहिलाच. २१ जून १८५१, लंडन. अडॉल्फ अँडरसन हा ब्रेस्लाऊचा (आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ) गणिताचा मास्तर, तिथे मोठ्या टुर्नामेंटसाठी आलेला (ती त्यानेच जिंकली), पण हा डाव टुर्नामेंटमधला नाही, किझेरित्स्की या नावाजलेल्या खेळाडूबरोबर असाच मधल्या वेळात खेळलेला, अँडरसनकडे पांढरे. ओपनिंग (डावाची सुरुवात) किंग्ज गॅम्बिट, म्हणजे तुमचा नातू देतो तेच प्यादं. पुढे या डावाला ‘अमर डाव’ असं नाव पडलं.

आता शेवट बघा, मला तो कितीही वेळा मांडला तरी कंटाळा येत नाही. काळ्याचा वजीर एका कोपऱ्यात ए१ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी) हत्ती खाऊन बसलाय, उंट जी१ वर दुसरा हत्ती खाऊन बसलाय, आणि त्याआधीच पांढऱ्याने ई५ ला साधं प्यादं सरकवून त्या वजिराची जी७ कडे परत यायची तिरपी वाट बंद करून टाकलीय. मग पांढरा घोडा जी७ वर शह, काळा राजा डी८ वर, आणि पांढरा वजीर एफ६ वर! जी८ चा काळा घोडा ई७ हे घर राखत होता, त्याने वजीर खाल्ला की ई७ मोकळं, तिथे उंट, मात. पांढऱ्याकडे उरलेले दोन घोडे आणि एक उंट, तिघंही कामाला लागलेले. काळ्याने सगळ्या डावात गमावली फक्त तीन प्यादी, पण त्याचे दोन्ही हत्ती आणि एक उंट घरातून हललेच नव्हते.

नातवाला हेच दाखवा, की अँडरसनने फुकट काहीच दिलं नाही, प्रत्येक मोहऱ्यामागे वेळ विकत घेतला. हेही सांगा की डाव निर्दोष नाहीये, अठराव्या चालीला काळ्याने जी१ चा हत्ती खायच्या ऐवजी वजिराने ए१ चा हत्ती खाऊन आधी शह दिला असता तर त्याला चांगलं लढता आलं असतं. आणि ते प्यादं दिलं की राजा उघडा पडतो, अँडरसनला चौथ्याच चालीला राजा हलवावा लागला, कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणारी खास चाल) गेलं ते गेलंच.

तरी खेळू द्या. १९६० मधे स्पास्कीने याच गॅम्बिटने फिशरला हरवलं (दोघंही पुढे जगज्जेते झाले), फिशर इतका चिडला की हे ओपनिंग मोडीत निघालंय असा लेखच लिहिला, आणि १९६३ मधे इव्हान्स या अमेरिकन ग्रँडमास्टरविरुद्ध स्वतःच ते खेळून जिंकला, तेही अँडरसनसारखाच तिसऱ्या चालीला उंट काढून!

आज संध्याकाळी तुम्ही काळे घ्या, अठराव्या चालीची पोझिशन लावा आणि वजिराने ए१ चा हत्ती खा. पुढची चाल त्याला शोधू दे, तुम्ही बोलू नका.