आजोबांच्या रायफलीचा तडकलेला दस्ता

प्रश्न : माझ्या आजोबांची रायफल रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली आहे. तिचा लाकडी दस्ता पकडीपाशी तडकला आहे. येथील एक सुतार सागवानाचा नवा दस्ता करून देण्यास तयार आहेत. तो करून घ्यावा का? आणि केवळ दस्ते घडवून नाव कमावलेले कारागीर खरोखरच होते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी कायद्याचे. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राच्या दुरुस्तीसाठीही परवाना लागतो. त्यामुळे रायफल परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावी, मग सुताराचा हात कितीही चांगला असो.

सागवानाबाबतही आम्ही नकारच देऊ. दारे-खिडक्यांना ते उत्तम; पण त्यातील तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही, अंगभूत सिलिकेमुळे पटाशीची धार लवकर जाते आणि बारीक नक्षीच्या कडा तुटतात. जगभर दस्त्यासाठी पहिली पसंती अक्रोडाला मिळाली, कारण ते लाकूड बेताच्या वजनाचे, चिवट आणि वाळल्यावर फारसे न हलणारे आहे. आपल्याकडे शिसवही वापरतात, मात्र ते जड असते. लाकूड कोणतेही असो, त्याचे रेषे पकडीच्या बारीक भागातून लांबीच्या दिशेने सरळ गेले पाहिजेत. देखण्या वळणदार रेषांची हौस मागच्या रुंद भागात भागवावी.

आपल्या दस्त्याला तडाही बहुधा सहज गेलेला नसावा. गोळी सुटताना बसणारा धक्का रायफलीच्या लोखंडी यंत्रणेच्या खालच्या टाचेने, म्हणजे खाली आलेल्या ठोकळ्याने, लाकडाला द्यायचा असतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, स्क्रू सैल पडतात आणि तोच धक्का यंत्रणेच्या मागच्या निमुळत्या लोखंडी शेपटीवर जातो. ती पाचरीसारखी पकडीत घुसते. हे कारण दूर न करता नुसती भेग चिकटवली, तर ती पुन्हा उघडणारच.

दस्ताकाराची खरी कसोटी याच ठिकाणी, बाहेरून न दिसणाऱ्या भागात असते. लोखंडाच्या भागांना काजळीचा पातळ थर लावून ते लाकडात बसवायचे, उचलून पाहायचे, जेथे काळा डाग उमटला असेल तेवढेच लाकूड पटाशीने खरवडायचे, आणि सर्वत्र समान टेकू मिळेपर्यंत हे चालू ठेवायचे. टाचेमागे घट्ट बसणी हवी आणि शेपटीमागे कागदाच्या जाडीइतकी फट हवी. त्यानंतर नेमबाजाचे माप. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी प्रौढांसाठी साधारण साडेतेरा ते चौदा इंच असते. गाल टेकण्याची धार मात्र प्रत्येकाच्या चेहऱ्याप्रमाणे वेगळी ठेवावी लागते. आजोबांना चपखल बसलेली रायफल आपल्याला जरा परकी वाटली, तर दोष रायफलीचा नव्हे.

नावाजलेल्या कारागिरांबद्दल विचारलेत, म्हणून एक उदाहरण. न्यूयॉर्कचे सेमूर ग्रिफिन हे मूळचे फर्निचर करणारे सुतार. अमेरिकी लष्कराच्या स्प्रिंगफील्ड रायफलींना अक्रोडाचे सुबक दस्ते बसवून त्यांनी नाव मिळवले आणि १९२३ मध्ये लोखंडी कामात निष्णात असलेल्या जेम्स हाउ यांच्यासह ‘ग्रिफिन अँड हाउ’ ही पेढी काढली. तेव्हा आपल्या सुतारांना कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण परवान्याची आणि सागवानाची आहे. एका नमुन्यावरून दस्त्यांच्या प्रती कातणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकातच आली होती; पुढे १९५९ मध्ये रेमिंग्टन या अमेरिकी शस्त्र कंपनीने नायलॉनच्या दस्त्याची रायफल बाजारात आणली, आणि हातकामाची मागणी हौशी गिऱ्हाइकांपुरती उरली.

आपल्या रायफलीचा जुना दस्ता शक्यतो टिकवावा. भेगेत वर्षानुवर्षे मुरलेले तेल आधी काढून टाकले, तरच चिकटवण धरते. ते झाल्यावर टाचेची बसणी दुरुस्त करून घ्यावी. वरून चकचकीत वॉर्निश मुळीच मारू नये. उकळून तयार केलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात तळव्याने चोळून द्यावेत, आणि एक हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.