शिनोळीच्या अलीकडचा टीव्ही

तुम्ही विचारलंय, "सीमाभागातले मराठी लोक टीव्हीवर मराठी बघतात की कन्नड? मोबाइल आल्यावर काही फरक पडला का?"

दोन्ही बघतो. फक्त दोन्ही बघायला पैसे जास्त पडतात.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, शिनोळीच्या अलीकडं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. आम्ही कर्नाटक. मधे नुसती शेतं. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, त्यामुळं गावातल्या निम्म्या भानगडी माझ्या काउंटरवरूनच पुढं जातात.

2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचा, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नवा नियम लागू झाला. हव्या त्या वाहिन्या निवडा, तेवढ्याचेच पैसे द्या. तेव्हा पहिल्या 100 वाहिन्यांचं भाडं 130 रुपये, वर जीएसटी, म्हणजे 153 रुपये तिथंच गेले. पैशाच्या वाहिन्या त्याच्यावर वेगळ्या. ऐकायला झकास होतं. केबलवाल्यानं मात्र आम्हाला न विचारता कन्नड पॅक लावून टाकला. विचारलं तर म्हणाला, "पत्ता बेळगाव जिल्ह्याचा आहे न्हवं? मग कर्नाटकचाच पॅक येणार की." आईची साडेसातची मालिका गेली आणि चार दिवस घरात सुतक पडल्यासारखं झालं. शेवटी मराठी वाहिन्या एकेक करून घेतल्या. मग मी म्हटलं, कन्नड काढून टाकू. त्याला वडील तयार नाहीत. पावसामुळं उद्या शाळेला सुट्टी आहे का, हे मुंबईची वाहिनी कशी सांगणार? बरोबरच होतं त्यांचं.

त्या साडेसातच्या मालिकेवरून आठवलं. कोल्हापूरचा पैलवान आणि मास्तरीणबाईंची ती गोष्ट, झी मराठीवर 2016 साली सुरू झालेली. पुढच्या वर्षी तीच झी कन्नडवर आली, कन्नड नटांना घेऊन. तेव्हा आमच्या शेजारी बैलहोंगलच्या एक टीचर भाड्यानं राहायच्या. त्या कन्नड बघायच्या, आई मराठी. आमची मालिका काही महिने पुढं. आईला केवढा अधिकार आला! धुणं वाळत घालता घालता भिंतीवरून मोडक्या कन्नडमध्ये ती टीचरना पुढं काय होणार ते सांगायची, आणि टीचर कानावर हात ठेवून "बेडा, बेडा" म्हणत आत पळायच्या. नको, सांगू नका म्हणून. पुढं कन्नडवाल्यांनी गोष्ट थोडी वळवली असावी, कारण एक दिवस टीचरच भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं तसं काय झालंच नाही की हो." आईचा चेहरा बघण्यासारखा होता. भाषेचा एवढा खुला व्यवहार मी विधानसौधाच्या, म्हणजे कर्नाटकच्या विधानभवनाच्या, अधिवेशनातसुद्धा बघितला नाही.

बातम्यांचं म्हणाल तर माझं मत वाईट आहे. 6 डिसेंबर 2022 ला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. ते झालंच, आणि वाईटच झालं. एसटीच्या गाड्याही बंद झाल्या. पण मी त्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत कागदाचे रीम घेत उभा होतो आणि पुण्याहून आत्याचा फोन, रडवेल्या आवाजात, "घरात बसा रे, बेळगाव पेटलंय." तिथं मला पेटलेलं काय ते फक्त भजीच्या गाड्याखालचं स्टोव्ह दिसत होतं. टीव्हीवर एकच ट्रक दिवसभर फुटत होता, आत्याला वाटलं चाळीस फुटले. संध्याकाळी कन्नड वाहिनी लावली, तर तिथं दुसऱ्या बाजूची तीच बोंब. दोन्हीकडचे निवेदक ओरडतात ते पुण्याला आणि बंगळूरला ऐकू जावं म्हणून, आमच्यासाठी नव्हे. माझे आजोबा 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकच्या स्थापना दिवशी, काळा दिवस पाळायचे, सायकल फेरीत जायचे. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यावर मला मत आहे, पण ते मी टीव्हीवरच्या चौकोनात बसलेल्यांकडून उसनं घेत नाही.

मोबाइलनं फरक पडला, पण आधी त्यानंही छळलंच. जिओ यायच्या आधीची गोष्ट. घरात असलं की फोनला कर्नाटकचा टॉवर. खालच्या शेतात गेलं की चंदगडकडचा टॉवर पकडायचा, महाराष्ट्रात आपलं स्वागत म्हणून मेसेज यायचा आणि रोमिंग चालू. आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जायचे. वडिलांनी बांधावरचं एक पेरूचं झाड हेरून ठेवलं होतं, त्याच्या अलीकडं उभं राहिलं की कर्नाटक. फोन वाजला की हातातलं खुरपं टाकून झाडाकडं पळायचे. सीमाप्रश्न आमच्या बांधावर दिवसातून चारदा सुटायचा, बॅलन्स मात्र आमचा जायचा.

आता ते गेलं. आता फोन निदान भाषा विचारतो तरी, जिल्ह्यावरून ठरवत नाही. आईच्या यूट्यूबवर अभंगाच्या खाली बसवण्णांची वचनं येतात, तिला दोन्ही चालतात.

दुकानात येणारे सरकारी कागद कन्नडच. जमिनीचा उतारा तर पूर्ण कन्नडमध्ये. मी अक्षरं शिकलो तेव्हा गंमत कळली, की अक्षरं काढून टाकली तर निम्मे शब्द आपलेच आहेत: हिस्सा, एकर, गुंठे. आपला पोटखराब, म्हणजे पीक न येणारा जमिनीचा तुकडा, तिथं "फूट खराब" होऊन बसलाय. गेल्या पावसाळ्यात एक तात्या उतारा घेऊन आले, बरोबर नातू. नातवानं मोबाइलचा कॅमेरा कागदावर धरला आणि ॲपनं केलेलं भाषांतर मोठ्यानं वाचलं, "पाय खराब, दोन गुंठे."

तात्यांनी एकदा आपल्या गुडघ्याकडं बघितलं.

"पाय खराब हाय ते खरं," ते म्हणाले, "पण सरकारला कुणी सांगिटलं?"