युकुलेलेवरची जी (G) कॉर्ड मुकी का वाजते

चार तारांच्या युकुलेलेवर सी (C) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एका बोटात जमते, खरी परीक्षा जी (G) कॉर्डची. तर्जनी सी तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या घरात), मधलं बोट ए तारेवर दुसऱ्यातच, अनामिका ई तारेवर तिसऱ्यात. G तार मोकळी. आता चारही तारा एकेक करून छेडा. बहुतेकदा ए तार 'थप' अशी मुकी वाजते, कारण अनामिका तिच्यावर रेललेली असते. G तार मुकी असेल तर दोष तर्जनीचा. जोर वाढवू नका, सूर उलट चढा लागतो. पेर वाकवून बोटाच्या टोकानेच दाबा, पुढच्या पट्टीला खेटून, पण पट्टीवर नाही. नखं आधी कापा! आणि नव्या नायलॉनच्या तारांचा सूर पहिले काही दिवस उतरत राहतो, तेव्हा बसलात की आधी ट्यूनर (सूर जुळला का ते दाखवणारं साधन) लावा. नाहीतर बोटांना उगाच बोल लावत बसाल.