पोरगा नेटवरचंच खरं मानतो, आमचं ऐकत नाही

"मॅडम, आमच्याकडे रोज जेवताना एडिसन निघतो," एक आई सांगत होती. मुलगा अकरावी सायन्सला, रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर व्हिडिओ बघणारा. त्याचे निकाल ठरलेले: बल्बवाला एडिसन चोर, विजेच्या मोटरवाला टेस्ला देव. वडील ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरण्याच्या कामाला. "फालतू बघण्यापेक्षा पुस्तक उघड," असं ते बोलले आणि पोरगा ताटावरून उठला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हीच काळजी घेऊन बरेच पालक येतात. मोबाईल काढून घ्यावा का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हणते, आधी तो काय बोलतो ते पूर्ण ऐका. नेटवरच्या अशा मतांत बरेचदा थोडं खरं असतं. आपण सगळंच उडवून लावलं की मुलाला आपणच अडाणी वाटायला लागतो.

मुलगा एकटा बसला तेव्हा भरभरून बोलला. एकेक मुद्दा आम्ही मिळून तपासला. बल्ब एडिसनचा एकट्याचा नव्हता, हे त्याचं बरोबर होतं. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनीही दिवा तयार केला होता. पण 1883 मध्ये त्या दोघांची एकत्र कंपनी निघाली, मग चोरी कसली? टेस्लाला हरवायला एडिसनने हत्ती मारला, असंही त्याने ऐकलं होतं. 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेने मारलं आणि एडिसनच्या कंपनीने ते चित्रित केलं, एवढं खरं. एसी-डीसीचं, म्हणजे वीज टेस्लाच्या एसी पद्धतीने द्यायची की एडिसनच्या डीसीने, हे भांडण मात्र त्याच्या दहाएक वर्षं आधीच निकालात निघालं होतं. प्रत्येक वेळी मी विचारत होते, "हे सांगणाऱ्याला कुठून कळलं?" खोडून काढायचं म्हणून विचारलं असतं तर तो गप्प बसला असता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं आणि ते त्याला कळत होतं.

मग विचारलं, "टेस्लाच्या शोधातली मोटर कधी उघडलेली पाहिलीस?"

"नाही."

"बाबा रोज तीच उघडतात."

हे त्याला ठाऊकच नव्हतं. बाबा उघडतात ती थ्री-फेज इंडक्शन मोटर, कारखान्यांत सर्रास असते ती, म्हणजे टेस्लांच्या 1888 च्या पेटंटांच्या घराण्यातली. मी वडिलांना म्हटलं, रविवारी त्याला सोबत न्या. ते अवघडले. "मी आयटीआयवाला. त्याच्यापुढे काय बोलणार?" माझ्या मते घरातल्या भांडणाचं मूळ इथे होतं. एडिसन नुसतं निमित्त.

पुढचं मुलाने सांगितलं. बाबांनी जळालेली मोटर खोलली. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या खाचांतून काळी पडलेली तांब्याची तार निघत होती, वार्निशचा वास नाकात बसला. आतल्या फिरणाऱ्या रोटरला ना वायर, ना करंट पोचवणारे ब्रश. पाटीवर 1440 आरपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. पोराने हिशोब घातला: 50 हर्ट्झ म्हणजे मिनिटाला 3000 आवर्तनं, चार चुंबकीय पोल म्हणजे दोन जोड्या, म्हणून 1500 हवेत. "साठ कुठे गेले?"

बाबा म्हणाले, "फिरणाऱ्या फील्डच्या जरा मागे राहिला तरच रोटरमध्ये करंट येतो. बरोबरीने फिरला तर ताकदच लागणार नाही. त्याला स्लिप म्हणतात."

मोबाईलचं काय, तर रात्री अकराला तिघांचेही फोन हॉलमध्ये चार्जिंगला, असं तिघांनी मिळून ठरवलं. आईबाबांचेही, हे महत्त्वाचं. झोप पार उडालीय, कॉलेज बुडतंय, मित्र तुटलेत, असं दिसत असेल तर मात्र प्रश्न नुसत्या मतांचा राहत नाही. तेव्हा वेळ न घालवता समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटावं. या मुलाचं तसं नव्हतं.

नंतरच्या भेटीत तो आल्याआल्या म्हणाला, "मॅडम, टेस्ला पण एकटा नव्हता. इटलीत गॅलिलिओ फेरारिसने 1885 लाच फिरणारं चुंबकीय क्षेत्र करून दाखवलं होतं. आणि बाबा उघडतात तसली थ्री-फेज मोटर डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने 1889 मध्ये केली."

वडील शेजारीच बसले होते. "हे मलापण माहीत नव्हतं," ते म्हणाले. "कुठे वाचलंस? घरी गेल्यावर दाखव."